शाळेत दुपारी मिळणाऱ्या खिचडीमुळे खेड्यातली पोरं खरंच जास्त शिकतात का?

शिकतात, पण त्याआधी शाळेत टिकतात. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडचे आईबाप हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. पोरं कोऱ्या चहावर शाळेत येतात. मी तिकडे शिकवायचो तेव्हा अकरानंतर फळ्याकडे कुणाचं लक्षच नसायचं, सगळ्यांची नाकं चुलीकडे! जेवण झालं की तीच पोरं पाढे ओरडून म्हणायची. (पेंगणारेही होतेच.)

नियमाने पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम. आमटी पातळ असली की हे आकडे कागदावरच. नुसत्या खिचडीने सगळं होत नाही, पण हजेरी सुधारते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीसुद्धा जेवणाच्या सुट्टीनंतर थांबायच्या.