तापवण्याआधी झाका
वाचकांचे प्रश्न : पूल आणि पंपरूम

दिवाळी झाली की पत्रांचा विषय बदलतो. गळक्या पाइपांची आणि हिरव्या पाण्याची तक्रार मागे पडते आणि सगळे एकच विचारतात, पूलला हीटर कोणता घ्यायचा? यंदाच्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

आमच्या सोसायटीचा पूल 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल आहे. एकाने 36 किलोवॉटचा इलेक्ट्रिक हीटर सुचवला, दुसऱ्याने त्याच्या कितीतरी पट किमतीचा 20 किलोवॉटचा हीट पंप. कमिटीचं म्हणणं, 36 वाला मोठाही आणि स्वस्तही, मग तोच घेऊ. शिवाय हीट पंप थंडीत चालत नाही म्हणतात. खरं काय?
– सेक्रेटरी, बाणेर, पुणे

सेक्रेटरीसाहेब, पुढच्या मीटिंगला हा हिशेब वाचून दाखवा. तुमच्या पूलमध्ये 60,000 लिटर पाणी आहे. हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण 1.16 युनिट (किलोवॉट-तास) उष्णता लागते, म्हणजे तुमचा अख्खा पूल एक अंश वर न्यायला 70 युनिट. 22 अंशांचं पाणी 28 वर न्यायचं तर 420 युनिट. हा आकडा हीटर कुठलाही आणला तरी बदलत नाही.

फरक पडतो तो मीटरवर. इलेक्ट्रिक हीटर या 420 युनिट उष्णतेसाठी 420 युनिट वीजच खाणार. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात टाकतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्याला. एका युनिट विजेत चार युनिट उष्णता मिळाली असं धरलं तरी तेच काम 105 युनिटमध्ये होतं. आणि 36 किलोवॉटसाठी महावितरणकडून भार वाढवून घ्यावा लागेल का, हे कमिटीत कोणी बघितलंय? स्वस्त हीटरच्या कोटेशनमध्ये तो खर्च लिहिलेला नसतो.

थंडीचं म्हणाल तर त्यात अर्धं तथ्य आहे. हवा गार झाली की हीट पंपाची ताकद उतरते. यंत्रावर छापलेले 20 किलोवॉट बहुधा 26-27 अंशांच्या हवेतले असतात. विक्रेत्याला 15 अंशांच्या हवेचा आकडा विचारा, माहितीपत्रकाच्या तक्त्यात तो असतो. तो सांगायला कोणी काचकूच करत असेल तर दुसरा विक्रेता बघा. जानेवारीत पुण्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा यंत्र चालवण्यात शहाणपणा नाही. सकाळी दहा-अकराला चालू करा, ऊन उतरलं की बंद. अजून एक : यंत्र पंपरूमच्या आत बसवू देऊ नका. ते गार हवा बाहेर टाकतं आणि बंद खोलीत तीच गार हवा पुन्हा ओढत बसतं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. दोन्ही कोटेशनांत कव्हर आहे का? नसणारच. उघड्या पूलची उष्णता सगळ्यात जास्त जाते ती बाष्पीभवनातून. ओल्या अंगाने पंख्याखाली उभं राहिलं की हुडहुडी का भरते, तेच इथे होतं. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी, त्यात टेरेसवरचा किंवा टेकडीकडच्या बाजूचा पूल असला की वारा. तुमच्या पूलचं रोज फक्त 4 मिलिमीटर पाणी उडालं तर ते 200 लिटर होतं, आणि जाताना ते सुमारे 135 युनिट उष्णता घेऊन जातं. म्हणजे जवळजवळ दोन अंश, रोज! बबल कव्हर, म्हणजे बुडबुड्यांची प्लॅस्टिकची चादर, पाण्यावर घातलं की यातलं बरंचसं थांबतं. अर्ध्याहून जास्त खर्च वाचतो असा अनुभव आहे. म्हणून माझा सल्ला उलटा आहे : आधी कव्हर आणि ते गुंडाळायचा रोलर घ्या. पंधरा दिवस पाण्याचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा, मग हीटरचा आकार ठरवा. रोलर नसेल तर कव्हर आठवडाभर घातलं जाईल आणि मग कोपऱ्यात पडून राहील, हे लिहून देतो. एवढं जड ओलं प्लॅस्टिक रोज एकट्याने ओढायला कोणताही पूलवाला तयार होत नाही.

बंगल्यातल्या पूलला दोन वर्षांपूर्वी हीट पंप बसवला. पावसाळ्यापासून त्याच्या खाली सतत पाणी साचतं, दिवसाला बादलीभर तरी. मेकॅनिक म्हणतो आतला एक्स्चेंजर (पूलच्या पाण्याला उष्णता देणारा भाग) फुटलाय, बदलावा लागेल. खर्च ऐकून धडकी भरली.
– एक वाचिका, नाशिक

ताई, पैसे देण्याआधी दोन चाचण्या करा, दोन्ही फुकटात होतात. हीटर बंद करा, पण पूलचा पंप चालू राहू द्या. तीन-चार तासांत खालची जमीन कोरडी पडली तर एक्स्चेंजर शाबूत आहे. गळती असती तर पंप चालू असेपर्यंत पाणी येतच राहिलं असतं. दुसरी चाचणी : खालचं पाणी बाटलीत धरा आणि क्लोरीन तपासायच्या किटमधलं औषध त्यात टाका. पूलच्या पाण्यात ते पिवळं होतं. इथे पिवळं झालं नाही, तर ते पाणी हवेतलं आहे. एसीच्या नळीतून थेंब पडतात त्याच जातीचं. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणून बादलीभर जमतं, थंडी कोरडी पडली की आपोआप कमी होतं. पिवळं झालंच, तर मात्र मेकॅनिकचं ऐका. नाही झालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा आणि खाली एक निचऱ्याचा पाइप लावून घ्या.

मुळशीजवळ फार्महाउस आहे, 40,000 लिटरचा पूल. केअरटेकर शुक्रवारी संध्याकाळी 12 किलोवॉटचा हीट पंप चालू करतो, लवकर तापावं म्हणून थर्मोस्टॅट 40 वर ठेवतो. शनिवारी सकाळी पाणी गारच. पाणी आत येतं त्या इनलेटवर हात धरला तरी गरम लागत नाही. यंत्र खराब आहे का?
– एक वाचक, कोथरूड

यंत्र ठीक असावं, अपेक्षा जास्त आहे. थर्मोस्टॅट 40 वर नेल्याने यंत्राची ताकद वाढत नाही, ते फक्त उशिरा थांबतं. तुमचा पूल एक अंश तापायला चार तास लागतात, तेही कव्हर घालून आणि हवा उबदार असताना. तुम्ही नेमकी थंडीची रात्र निवडली आहे.

इनलेटचं म्हणाल तर तासाला 8,000 लिटर पाणी यंत्रातून जात असेल तर बाहेर पडताना ते जेमतेम सव्वा अंशाने गरम झालेलं असतं. 23 अंशांचं आत गेलं, 24 चं बाहेर आलं, हाताला दोन्ही गारच. यंत्राच्या आधी आणि नंतर थर्मामीटर बसवा. आणि पाणी गरम लागावं म्हणून कोणी व्हॉल्व्ह आवळायला सांगितला तर ऐकू नका. प्रवाह कमी झाला की हीटर दमतो, पूल नाही तापत.

गुरुवारी सकाळी सुरू करा, दिवसा चालवा, रात्री झाका. आठवडाभर चालू ठेवला तर वीज वाचते असं कोणी सांगेल, ते खरं नाही. पाणी जितकं गरम तितकी उष्णतेची गळतीही जास्त. गुरुवार जमत नसेल तर वीकेंडच्या पूलला गॅस हीटर जास्त सोयीचा. 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमधून साधारण 200 युनिट पाण्यात उतरतात. तुमचा पूल सहा अंश वर न्यायला दीड सिलिंडर धरा. घरगुती सिलिंडर जोडायचा विचार असेल तर तो इथेच सोडा.

मुलांना पोहायला शिकवतो. हीटरची तांब्याची कॉइल वर्षभरात गळाली. कंपनी म्हणते, तुमच्या पाण्याचा दोष. आम्ही तर क्लोरीनच्या गोळ्या न चुकता स्किमरमध्ये (काठावरच्या, वरचं पाणी ओढून घेणाऱ्या खणात) टाकतो.
– प्रशिक्षक, सांगली

सर, गोळ्या चुकत नाहीत, जागा चुकते आहे. त्या हळू विरघळणाऱ्या गोळ्यांचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं. रात्री पंप बंद असताना ते स्किमरमध्ये आणि पाइपात साचतं आणि सकाळी बटण दाबलं की पहिला घोट हीटरला जातो. रोज थोडं थोडं तांबं विरघळतं. पायऱ्यांच्या कडेला फरशीवर निळसर-हिरवे डाग दिसतात का? तीच तुमची कॉइल. क्लोरीन नेहमी पाणी हीटरमधून बाहेर पडल्यानंतर सोडा, मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं न जाऊ देणारा) हवा, पीएच 7.2 ते 7.6 ठेवा. नवीन घेताना टायटॅनियमचा एक्स्चेंजर घ्या. पण टायटॅनियमलाही बोअरच्या पाण्याचे क्षार सोडत नाहीत, त्यामुळे पाण्याचा जडपणा एकदा तपासून घ्या.

हीटर मध्येच बंद पडतो आणि स्क्रीनवर फ्लोचा (पाण्याच्या प्रवाहाचा) एरर येतो. – ठाणे

हीटरवाल्याला बोलावण्याआधी फिल्टरचा प्रेशर गेज बघा आणि बॅकवॉश करा, म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुवा. बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

छपरावरचा 300 लिटरचा सोलर पूलला जोडता येईल का? – सोलापूर

नाही. क्लोरीनने टाकी खराब होईल आणि पूलला कळणारही नाही. पूलसाठी काच नसलेली काळ्या प्लॅस्टिकची वेगळी पॅनेल मिळतात. दक्षिणेला तोंड करून लावायची, पूलच्या पृष्ठभागाच्या निम्मी तरी जागा हवी. सोलापूरच्या उन्हात उत्तम चालतील.

बबल कव्हरचे बुडबुडे वर की खाली? – कोल्हापूर

खाली, पाण्याकडे. आणि शॉक क्लोरीन (एकदम मोठा डोस) टाकाल त्या दिवशी कव्हर काढून ठेवा, सावलीत.