७२ रकान्यांत ओळी बसवताना: कोणती ओळ कशासाठी तुटली आहे ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न मी असा समजलो: लांबलचक ओळींची एक मजकूर फाइल आहे आणि प्रत्येक ओळ ७२ रकान्यांच्या आत हवी आहे. फोल्ड ही ओळी कापणारी युनिक्स-लिनक्सची कमांड चालवल्यावर शब्द मधेच तुटले. एफएमटी ही परिच्छेद बसवणारी कमांड चालवल्यावर परिच्छेद छान बसले, पण क्रमांक दिलेली यादी एकमेकींत मिसळली आणि मराठी परिच्छेदांच्या ओळी तर विचित्र आखूड झाल्या. या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरे आणि अंक टाका.)

फोल्डचे सोपे आहे. तिला परिच्छेद कळतच नाही. एक ओळ घ्यायची, ठरलेली रुंदी भरली की कापायची, एवढेच तिचे काम. रुंदी दिली नाही तर ती ८० धरते. शब्द तुटू नयेत म्हणून एस हा ऑप्शन आहे (डब्ल्यू म्हणजे रुंदी, 'नोंदी' ही तुमची फाइल):

फोल्ड -एस -डब्ल्यू ७२ नोंदी > नोंदी-नवी

आता ती शक्यतो मोकळ्या जागेवर कापेल. पण दोन आखूड ओळी ती कधीच जोडणार नाही. आधीच कुठेतरी ९० वर तोडलेला मजकूर तिच्याकडे दिलात तर एक भरलेली ओळ, एक दोन-तीन शब्दांची, पुन्हा एक भरलेली, अशी करवतीच्या दात्यांसारखी कड मिळते.

एफएमटी वेगळ्या जातीची आहे. ती आधी अख्खा परिच्छेद वाचते आणि मग ओळी कुठे तोडायच्या ते ठरवते. जीएनयूच्या (लिनक्ससोबत येणाऱ्या मुक्त साधनांच्या संचातल्या) एफएमटीतली पद्धत डोनाल्ड क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ साली मांडलेल्या रीतीचाच एक प्रकार आहे. टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीत परिच्छेद बसतो तोही याच विचाराने. म्हणून ७२ सांगितले तरी ती प्रत्येक ओळ ७२ पर्यंत ठासून भरत नाही. कमाल रुंदीच्या साधारण ९३ टक्के, म्हणजे इथे ६७ च्या आसपास, असे लक्ष्य धरते आणि सगळ्या ओळी त्याच्या जवळ राहतील असे बघते. वाक्याचा पहिला शब्द ओळीच्या शेवटी एकटा लटकू नये हेही पाहते. मला हे साधन आवडते ते यासाठीच. फोल्डने कापलेला आणि एफएमटीने बसवलेला परिच्छेद शेजारी ठेवून वाचा, डोळ्यांना फरक लगेच जाणवतो.

पण परिच्छेद म्हणजे काय, हे एफएमटी फक्त दोन खुणांवरून ओळखते: मधली रिकामी ओळ आणि समासाचे अंतर. सारख्याच समासाच्या लागोपाठ ओळी दिसल्या की तिच्या लेखी तो एक परिच्छेद. तुमची यादी मिसळली ती यामुळे. 'केबल तपासा', 'लॉग पाहा' या दोन ओळी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या आहेत हे तिला कळायला काही मार्गच नाही. क्रमांक तिच्यासाठी फक्त आणखी एक शब्द.

म्हणून कमांड चालवण्यापूर्वी फाइल एकदा वरून खालपर्यंत वाचा आणि ठरवा: कुठल्या ओळी केवळ जागा संपली म्हणून तुटल्या आहेत आणि कुठल्या अर्थासाठी? पहिल्या जोडायच्या, दुसऱ्यांना हात लावायचा नाही. यादी, पत्ते, तक्ते, कविता, कोडचे नमुने हे सगळे दुसऱ्या गटात. एकदा जोडल्या की कुठली ओळ कुठे संपत होती ही माहिती फाइलमधून कायमची जाते, नंतर कुठलीच कमांड ती परत आणत नाही.

यादीसाठी एफएमटीचा टी ऑप्शन वापरा. त्यात परिच्छेदाची पहिली ओळ आणि दुसरी ओळ यांचा समास वेगळा असावा लागतो. तो सारखाच असला तर पहिली ओळ हाच एक पूर्ण परिच्छेद धरला जातो, त्यामुळे यादीतली प्रत्येक नोंद आपल्या जागी राहते. याच कारणाने संपूर्ण फाइलवर टी लावू नका, साधे परिच्छेद जोडलेच जाणार नाहीत. मी विम या मजकूर-संपादकात फक्त यादीच्या ओळी निवडतो, उद्गारचिन्ह दाबतो आणि एफएमटी -टी -डब्ल्यू ७२ देतो. तेवढ्याच ओळी बदलतात. कोडच्या नमुन्यांसाठी एफएमटीचाच एस पुरे आहे: लांब ओळी तोडल्या जातात, आखूड ओळी जोडल्या जात नाहीत. आणि टिप्पण्या बसवायच्या असतील तर पी ऑप्शनला हॅशचे चिन्ह द्या. हॅशने सुरू होणाऱ्या ओळीच बसवल्या जातात, चिन्ह पुन्हा प्रत्येक ओळीपुढे लागते, बाकी फाइल जशीच्या तशी राहते.

आता मराठीचे. यात चूक तुमची नाही. जीएनयूची एफएमटी रुंदी बाइटमध्ये मोजते आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट घेतो. घटक म्हणजे अक्षर नव्हे: काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द घ्या. वाचताना वि, द्या, र्थ्यां, नी अशी चारच अक्षरे. आत मात्र १५ घटक, म्हणजे ४५ बाइट. ७२ पैकी ४५ एका शब्दात संपले, त्यापुढे जेमतेम एखादा शब्द मावतो. इंग्रजी परिच्छेद नीट आणि मराठी परिच्छेद चिंचोळा, तो यामुळेच. बाइट मोजणारी फोल्ड तर एस न देता वापरली की याहून वाईट करते. रुंदी न दिल्यास ती धरते त्या ८० ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे ती अक्षराच्या मधोमधही कापू शकते आणि ओळीच्या टोकाला प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात.

रुंदी तिप्पट करून २१६ देणे हा जुगाड मी करून पाहिला आहे, शिफारस करत नाही. त्याच फाइलमधले इंग्रजी परिच्छेद लगेच २१६ पर्यंत पसरतात. त्यापेक्षा मराठी भाग विममध्ये टेक्स्टविड्थ ७२ ठेवून जीक्यू या आज्ञेने बसवा. विम बाइट न मोजता पडद्यावरची रुंदी मोजतो. बऱ्याच फाइली असतील तर पायथॉनचे टेक्स्टरॅप हे मॉड्यूल घ्या. ते बाइटऐवजी घटक मोजते, म्हणजे मात्रांमुळे ओळी दिसायला अजूनही थोड्या आखूड, पण वाचनीय. फक्त मजकूर रिकाम्या ओळींवर तोडून एकेक परिच्छेद त्याला द्या. सगळा एकदम दिलात तर तो त्याचा एकच परिच्छेद करतो.

आणखी एक बारीक गोष्ट. ओळीच्या शेवटी टिंब असले की एफएमटी तिथे वाक्य संपले असे धरते आणि पुढची ओळ जोडताना मधे दोन मोकळ्या जागा सोडते. 'डॉ.' नेमके ओळीच्या टोकाला आले असेल तर नावाआधी दोन जागा दिसतील. अशा जागा शोधून हाताने दुरुस्त करा.

शेवटचे, आणि हे मनापासून सांगतो. निकाल त्याच फाइलवर कधीही वळवू नका. मी एकदा एफएमटी नोंदी > नोंदी असे लिहिले आणि कित्येक दिवसांच्या नोंदी गेल्या. एफएमटी सुरू होण्याआधीच शेल (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्राम) उजवीकडची फाइल रिकामी करून ठेवते, मग वाचायला काही उरतच नाही. तेव्हापासून माझ्या शेलच्या सेटिंगमध्ये सेट -ओ नोक्लॉबर कायम असते, असलेली फाइल चुकून पुसली जात नाही. नवी फाइल तयार झाली की ही तपासणी करा (टीआर मोकळ्या जागा आणि ओळींची टोके काढून टाकते, सीकेसम उरलेल्या मजकुरावरून पडताळणीचा आकडा काढते):

टीआर -डी '[:स्पेस:]' < नोंदी | सीकेसम
टीआर -डी '[:स्पेस:]' < नोंदी-नवी | सीकेसम

दोन्ही आकडे जुळले तर फक्त मोकळ्या जागा आणि ओळींची टोके बदलली आहेत, एकही अक्षर हललेले नाही. जुळले नाहीत तर जुनी फाइल पुसू नका, दोन्हींचा डिफ (फरकांची यादी) इथे टाका, मी बघतो.