आजची तरुण पिढी कंपनीशी एकनिष्ठ राहत नाही, हे खरं आहे का?

फारसं नाही, फरक पिढीपेक्षा वयाचा जास्त आहे. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे बघा: २५ ते ३४ वयोगटातल्यांची एकाच मालकाकडे झालेली नोकरी (मध्यक, म्हणजे निम्म्यांची याहून कमी, निम्म्यांची जास्त) १९८३ मध्ये ३ वर्षं होती, २०२४ मध्ये २.७. म्हणजे आज सत्तरीच्या आसपास असलेली मंडळीही तिशीत अशाच नोकऱ्या बदलत होती! मोठी घट ५५ ते ६४ वयोगटात आहे, १२.२ वरून ९.६. अमेरिकेत पूर्वी बऱ्याच खाजगी कंपन्यांत पेन्शन नोकरीच्या वर्षांवर ठरे, मध्येच सोडली की नुकसान. आता निवृत्तीचा निधी सोबत नेता येतो. त्यामुळे तिशीतल्या मुलीने राजीनामा दिला की तिला लगेच बेइमान ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. अर्थात, या आकड्यांतून फक्त काळ कळतो, कामातली आस्था नाही.