रिपीट करू का? आधी प्रश्नपुस्तिका घेऊन या

नीटचा निकाल लागला की पुढचे पंधरा-वीस दिवस माझ्याकडं सल्ल्याला येणाऱ्या बहुतेक घरांचा प्रश्न एकच असतो. मार्क कमी पडले, आता रिपीट करायचं का? बेळगावातल्या टिळकवाडी-शहापूरहून किंवा खानापूर, निपाणी, कुठूनही आलेले असोत, बोलतात आई-वडील आणि ज्याला परीक्षा द्यायची ते पोर खाली बघत बसतं. मी लगेच हो-नाही सांगत नाही. पुढच्या वेळी प्रश्नपुस्तिका, ओएमआरची, म्हणजे गोल काळे केलेल्या उत्तरपत्रिकेची, प्रिंट आणि उत्तरसूची घेऊन या, म्हणते. पुस्तिका परीक्षेनंतर घरी नेता येते, ओएमआरची स्कॅन केलेली प्रत परीक्षा घेणारी एनटीए देते. तरी बऱ्याच घरांत ती पुस्तिका मे महिन्यापासून कपाटावर तशीच पडलेली असते.

एका मुलीचं सांगते. ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदललेत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, एसएसएलसीला (कर्नाटकातली दहावी) शाळेत पहिली, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स इंग्रजीतून. वडील उद्यमबागेत एका कारखान्यात टर्नर. 2024 च्या नीटला तिला 492 पडले. ते वर्ष आठवत असेल. 4 जूनला निकाल लागला आणि 67 जणांना 720 पैकी 720. मग पेपरफुटी, ग्रेस मार्क, कोर्टकचेरी. फेरपरीक्षा होणार या आशेवर ही पोरगी दीड महिना ना धड अभ्यास करत होती, ना दुसरीकडं अॅडमिशन घेत होती. 23 जुलैला सुप्रीम कोर्टानं फेरपरीक्षा नाकारली. फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं आधी बरोबर धरली होती, त्यातलं एकच खरं ठरलं. हिनं दुसरं लिहिलं होतं. मिळालेले 4 गेले, वर 1 वजा. 492 चे 487 झाले.

माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या तोंडी एकच होतं, "माझे पाच मार्क काढून घेतले, मॅडम."

आई म्हणाली, "धड जेवत नाही, झोपत नाही. शेजारचे किती पडले म्हणून विचारतात, काय सांगायचं ओ आम्ही?" अशा वेळी मी मुलाशी एकट्यानं बोलते आणि आडवळण न घेता विचारते, जीव नकोसा झालाय का, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का. विचारल्यानं डोक्यात नसलेलं शिरतं, ही पालकांची भीती खोटी आहे. तिनं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरं वाटलं. उत्तर हो असतं तर परीक्षेचा विषय तिथंच बंद करून आधी डॉक्टर गाठला असता. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. तो घरात सगळ्यांना माहीत असावा.

त्या पाच मार्कांची चीड खोटी नव्हती. पण 720 तून 487 गेले की 233 उरतात, आणि घरात दोन महिने चर्चा फक्त पाचांची चालली होती. बाकीच्या 228 मार्कांकडं कोणी बघितलं नव्हतं. ते वडिलांना लगेच पटलं. म्हणाले, "आमच्यात जॉब, म्हणजे बनवलेला भाग, रिजेक्ट झाला तर आधी बघतो, कास्टिंगमध्येच ब्लोहोल, हवेचं भोक, होता की मशीनवर आमचा टूल चुकला. दोन्हीचा इलाज वेगळा असतो की."

पुढच्या भेटीत पुस्तिका टेबलावर आली. 131 बरोबर, 37 चूक, 12 सोडलेले. चुकलेल्या 37 मधल्या प्रत्येकासमोर तिनं स्वतः लिहायचं होतं : येत नव्हतं, अंदाजे मारलं, की येत असून चुकलं. पहिले चार-पाच प्रश्न तिनं सगळे "येत होतं" असेच लिहिले. मग मी उत्तर झाकून तोच प्रश्न पुन्हा सोडवायला लावला. तेव्हा खरी वाटणी झाली. 15 खरंच येत नव्हते, त्यातले बरेचसे फिजिक्सचे आणि ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे. 9 अंदाजाचे. उरलेले 13 तिनं माझ्यासमोर पटापट बरोबर सोडवले.

त्या तेरांत बहुतेक बायोलॉजीचे होते आणि बहुतेकांची ठेवण सारखी. चारपैकी चुकीचं विधान कोणतं, किंवा दोन विधानं देऊन कोणतं खरं कोणतं खोटं. "इनकरेक्ट" हा शब्द पुस्तिकेत ठळक छापलेला, आणि तिनं पहिलंच बरोबर विधान दिसताक्षणी गोल काळा केलेला. पानावर तिच्या पेनाची एक रेघही नव्हती. चुकलेला प्रश्न बरोबर आला की 4 मिळतात आणि कापलेला 1 वाचतो, म्हणजे 5. तेरा प्रश्नांचे 65. कोर्टात गेलेल्या पाचांच्या तेरापट मार्क तिच्या घाईनं नेले होते.

अंदाजाच्या नवांवर मी वेळ घालवला नाही. डोळे मिटून मारलेल्या चारांत सरासरी एक लागतो. 4 मिळतात, 3 जातात. त्यात कोणी बुडत नाही आणि कोणी डॉक्टरही होत नाही.

हे सगळं बघून मी रिपीटला हो म्हटलं. पाया होता, वाचण्याची सवय बिघडलेली होती, आणि मुलीला स्वतःला पुन्हा बसायचं होतं. यातली शेवटची गोष्ट नसेल तर मी पुढं जात नाही. खानापूरकडचा एक मुलगा आला होता, त्याच्या चुका तिन्ही विषयांत "येत नव्हतं" याच रकान्यात आणि मन शेतीत. घरच्यांना राग आला, पण तो सीईटीवरून बी.एस्सी. अॅग्रीला गेला.

मग कोल्हापूरच्या मामांचा सल्ला आला : मराठीतून पेपर दे. नीट 13 भाषांत होते, पण मराठी प्रश्नपत्रिका हवी तर केंद्र महाराष्ट्रातलं घ्यावं लागतं. कर्नाटकातल्या केंद्रावर इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. कोल्हापूर काही लांब नाही. सीमाभागात हा विषय निघाला की लोक भावनेनं बोलतात, म्हणून मी तिला जुना मराठी पेपर घड्याळ लावून सोडवायला सांगितला. "कोनीय संवेग" वाचून ती थबकली. दोन वर्षं तिनं अँग्युलर मोमेंटम ऐकलेलं. निर्णय तिनंच घेतला, इंग्रजीच. पीयूसीही मराठीतून वाचून केलेल्या मुलाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

कोटा, लातूरच्या क्लासचीही चौकशी झाली, पण मी बेळगावातच राहायला सांगितलं. सकाळी क्लास, दुपारी स्वतःचा अभ्यास, आणि रोज बायोलॉजीचा एक संच एकाच नियमानं : आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाचायची, नकाराला गोल करायचा, प्रत्येक विधानापुढं बरोबर-चूक खूण करूनच पर्याय बघायचे. सुरुवातीला तिचा वेग इतका घटला की रडकुंडीला आली. महिनाभरानं तो परत आला. गणपतीत पुस्तकं बंद. आपल्याकडं विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं, तेवढे दोन दिवस पूर्ण मोकळे. पाहुण्यांसाठी एक वाक्य ठरवून दिलं, "पुन्हा देतेय, मे महिन्यात." त्यापुढं आईनं विषय बदलायचा.

जानेवारी 2025 मध्ये एनटीएनं पेपरचा नमुना बदलला. 2024 पर्यंत 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे आणि 200 मिनिटं मिळायची. आता 180 प्रश्न, सगळे अनिवार्य, 180 मिनिटं. आधीच सावकाश वाचायला शिकलेल्या मुलीची 20 मिनिटं गेली. तेव्हा ठरलं की फिजिक्स सगळ्यात शेवटी घ्यायचं आणि दीड मिनिटात वाट दिसली नाही तर प्रश्न सोडायचा. सोडणं तिला फार जड गेलं. शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलांना कोरा प्रश्न म्हणजे अपमान वाटतो.

4 मे ला फिजिक्सनं देशभरच्या मुलांना घाम फोडला. 14 जूनला निकाल लागला आणि आईचा रडत फोन आला. 478. "वर्ष गेलं आणि नऊ मार्क कमी!"

मी रँक विचारला. आदल्या वर्षी तो दोन लाखांच्या पुढं होता, आता लाखाच्या आत. 2025 ला देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 होते. पात्रतेची खुल्या गटाची रेषा 2024 च्या 162 वरून 144 वर आली होती. पेपर अवघड गेला की सगळ्यांचेच मार्क खाली येतात, म्हणून दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून काही कळत नाही. कुणा मावसबहिणीचे 2024 चे मार्क तर भिंतीवर लावून ठेवू नयेत. तिच्या पुस्तिकेत या खेपेला फिजिक्सचे 16 प्रश्न कोरे होते आणि बायोलॉजीत चुका 12 वरून 9 वर आल्या होत्या. पानापानावर गोल केलेले होते.

केईएच्या, म्हणजे कर्नाटकातले प्रवेश करणाऱ्या संस्थेच्या, फेऱ्यांत तिला खाजगी कॉलेजातली सरकारी कोट्याची जागा मिळाली, बेळगावपासून बरीच लांब. वडिलांची खरी धावपळ कागदांसाठी झाली. कर्नाटकात सात वर्षं शिकल्याचा दाखला लागतो आणि त्यावर बीईओची (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याची) सही हवी. मराठी शाळेतले हेडमास्तर बदलून गेलेले, जुनं रजिस्टर शोधण्यात दिवस गेले. रिपीट करा किंवा करू नका, तो दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा.