ट्रामाडॉलने आईचं दुखणं थांबलं नाही, मामेभाऊ मात्र त्यानेच दिवसभर गुंगीत. हे जनुकांमुळे होतं का?

तुम्ही विचारलंय की आईच्या उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉलची इंजेक्शनं देऊनही ती रात्रभर कळांनी तळमळत होती. मामेभावाला हर्नियानंतर तेच औषध दिलं तर तो जागाच होईना. आता डाव्या गुडघ्याआधी आईची जनुकांची टेस्ट करून घ्यावी का?

मी भूलतज्ज्ञ आहे. जनुकांचा संबंध असू शकतो, पण किती, ते औषध कोणतं यावर ठरतं.

ट्रामाडॉल आणि कोडीन ही दोन्ही दुखण्यावरची औषधं भातासारखी आहेत, गिरणीतून काढल्याशिवाय तांदूळ मिळत नाही. गिरणी म्हणजे यकृतातलं सीवायपी२डी६ नावाचं एन्झाइम. ते कोडीनच्या थोड्या भागाचं मॉर्फिन करतं आणि ट्रामाडॉलपासून एम१ नावाचा पदार्थ बनवतं. अफूवर्गीय औषधं मेंदूत आणि मज्जारज्जूत जिथे जाऊन चिकटतात, तिथे हा एम१ मूळ ट्रामाडॉलच्या साधारण २०० पट घट्ट चिकटतो. काही जणांत या एन्झाइमच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, तर काहींत चालू प्रती दोनपेक्षा जास्त. पहिल्यांना आराम कमी पडतो, दुसऱ्यांना नेहमीचाच डोस जास्त होतो.

हे लक्षात आलं ते वेगळ्याच औषधामुळे. १९७०च्या दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट स्मिथ डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या गोळीवर काम करत होते. प्रयोगासाठी सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्वतःही गोळी घेतली. बाकीचे ठणठणीत, स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका खाली गेला की त्यांना उभं राहवेना. ते औषध मोडणारं एन्झाइमच त्यांच्यात चालत नव्हतं. तेच हे सीवायपी२डी६.

युरोपीय वंशाच्या लोकांत असे ‘मंद’ साधारण ५ ते १० टक्के असतात. भारतातल्या अभ्यासांत हा आकडा बहुतेक पाच टक्क्यांच्या आतच दिसतो. म्हणजे आईच्या बाबतीत हेच असेल असं धरून चालू नका. २००३ साली जर्मनीत पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटवर झालेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. ‘मंद’ गटातल्या सुमारे ४७ टक्के लोकांना ट्रामाडॉल पुरलं नाही, पण ज्यांचं एन्झाइम चालू होतं त्यांच्यातही सुमारे २२ टक्क्यांना पुरलं नाहीच. आणि ‘मंद’ असूनही निम्म्याहून जास्त लोकांचं भागलं! कारण ट्रामाडॉल सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या मज्जासंस्थेतल्या रसायनांच्या वाटेनेही थोडं काम करतं. शिवाय बदललेला गुडघा हे दुखणंच असं आहे की एकटं ट्रामाडॉल त्यापुढे तोकडं पडतं, जनुकं कशीही असोत.

मॉर्फिन आणि फेंटानिल यांना या गिरणीची गरज नाही. त्यांच्याबाबत ओपीआरएम१ या जनुकाचं नाव घेतलं जातं. त्यातला एक बदल आशियात बराच आढळतो, आणि तो असलेल्यांना मॉर्फिन किंचित जास्त लागतं असं काही अभ्यासांत दिसलंय. फरक इतका बारीक आहे की डोस ठरवताना मी त्याकडे बघत नाही. वय, किडनी आणि झोपेतलं घोरणं मात्र नक्की बघतो.

आता टेस्ट. मला विचाराल तर आधी आईच्या रोजच्या गोळ्या बघा. फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्याच्या गोळ्या हे एन्झाइम जवळजवळ बंद पाडतात, आणि मधुमेहात पायांच्या आगीसाठी देतात ती ड्युलोक्सेटिनही त्याला बऱ्यापैकी मंदावते. अशा वेळी जनुक उत्तम असून उपयोग नाही, आणि जनुकांच्या रिपोर्टमध्ये ते दिसतही नाही. वर या गोळ्या आणि ट्रामाडॉल एकत्र घेणं तसंही धोक्याचं, सेरोटोनिन वाढून घाम, थरथर, क्वचित झटकेही येतात. पण डॉक्टरांना न विचारता गोळी परस्पर बंद करू नका. आणखी एक खूण: रक्तदाबाची मेटोप्रोलोल आईला सोसली नव्हती का, छोट्या डोसनेच नाडी फार मंदावली होती का? तीही याच एन्झाइमने मोडते.

टेस्टला माझा विरोध नाही. रक्त किंवा लाळ देऊन होते आणि रिपोर्ट जन्मभर बदलत नाही. करायचीच तर जनुकाच्या प्रती मोजतात का, ते लॅबला विचारा, नाहीतर जास्त प्रती असलेले लोक त्यात सापडत नाहीत.

पण डाव्या गुडघ्यासाठी टेस्टवाचूनही मार्ग आहे. फिटनेसच्या तपासणीला मागचं डिस्चार्ज कार्ड आणि औषधांचा तक्ता घेऊन जा. ट्रामाडॉल किती वेळा दिलं, दुखणं किती उतरलं, उलट्या झाल्या का, हे भूलतज्ज्ञांना सांगा. मांडीत नसेचा ब्लॉक (नस बधिर करणारं इंजेक्शन), वेळेवर पॅरासिटामॉल, किडनी धड असेल तर सूज उतरवणारं औषध, आणि गरज पडली तरच थोडं मॉर्फिन, असा बेत करता येतो.

मामेभावाला जास्त प्रती असतीलच असं नाही, भुलीचा अंमल किंवा झोपेची दुसरी गोळीही कारण असू शकते. तरी त्याने पुढच्या वेळी हे डॉक्टरांना सांगावं. आणि घरात कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असेल तर ते लहान मुलांना देऊ नये. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही मुलं, ज्यांच्यात हे एन्झाइम फार वेगाने चालत होतं, श्वास मंदावून दगावली. त्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना कोडीन देऊच नये असं ठरवलं, दुखण्यासाठी ट्रामाडॉलही.