‘फोटोत चौकोन दिसतात, म्हणजे खोटा!’

‘मॅडम, पोरगं कशावरच विश्वास ठेवत नाही.’ बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य हल्ली फार ऐकू येतं. विषय तेवढा बदलतो. कधी लस, कधी सपाट पृथ्वी, कधी ‘माणूस चंद्रावर गेलाच नाही’. त्यातलंच एक घर, ओळखीच्या खुणा बदलून सांगते.

वडील उद्यमबागेत फौंड्रीत. मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावी सायन्सला. ‘रात्रभर मोबाईलात काय बघूलालाय, देवाला ठाऊक,’ आई म्हणाली. वडिलांनी एकदा सगळ्यांदेखत ‘अडाणी’ म्हटलं, तेव्हापासून बापलेक एका पंगतीला बसत नव्हते.

मुलगा तयारीनिशी आला होता. अपोलो चांद्रमोहिमेचा फोटो उघडून त्याने उजेड वाढवला. काळ्या आकाशात पृथ्वीच्या कडेला चौकोनी डाग. ‘बघा, कापून चिकटवलंय.’

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. मताला धक्का लागताच माणूस पेटतो, तेव्हा त्याने आपली किंमतच त्या मताला बांधलेली असते. ती गाठ सुटल्याशिवाय पुरावे ओतून उपयोग नाही.

‘चौकोन मलाही दिसतात,’ मी म्हटलं. ‘ते कापल्यानेच येतात की आणखी कशाने? कसं ठरवशील?’

तो बराच वेळ गप्प. मग प्रयोग त्यानेच सुचवला: गच्चीवरून स्वतः चंद्राचा फोटो काढायचा, व्हॉट्सॲपवरून चार फोनांत फिरवायचा आणि उजेड वाढवायचा.

पुढच्या भेटीत वडिलांनाही बसवलं, मध्ये न बोलण्याच्या अटीवर. मूळ फोटोत डाग पुसट होते, फिरून आलेल्यात ठळक. ‘मग माझाही चंद्र खोटा?’ तो स्वतःवरच हसला. कारणही शोधून आला होता. जेपेग म्हणजे फोटोची फाइल आवळून लहान करायची पद्धत. तिच्यात चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा आवळतात. लखलखीत कड आणि काळोख एकाच तुकड्यात आले की कडेचा गढूळपणा त्या तुकड्यापुरता पसरतो, म्हणून चौकोन. अपोलो ११ चे फोटो १९६९ च्या फिल्मवरचे, जेपेगचं मानक १९९२ चं. डाग फिल्मवर नसून नंतर स्कॅन करून आवळलेल्या प्रतीत आहेत.

वडिलांना राहवलं नाही. ‘कास्टिंगला साच्याच्या जोडाची रेघ राहते की. रेघ दिसली म्हणून माल खोटा नसतोय. साच्यातनं आला, एवढंच.’

मुलाने मान वळवून विचारलं, ‘मग ती रेघ तुम्ही काढता कशी?’

अट मोडल्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. अशा वेळी गप्प बसणं मला जमतं, आणि ते शिकायला वर्षं लागली आहेत. पंधरा मिनिटं दोघं ग्राइंडिंगबद्दल बोलत राहिले. चंद्र बाजूलाच पडला.

पालकांनो, मूल पूर्ण पालटावं असा हट्ट नको. हा मुलगा आता चंद्रावरच्या फोटोंतल्या सावल्यांवर अडलाय. अडू दे. चौकोनांवरून फोटो खरा आहे हेही सिद्ध होत नाही, असं तोच मला बजावून गेला, आणि ते बरोबर आहे. तुम्ही फक्त ‘मूर्ख आहेस’ऐवजी ‘दाखव’ म्हणा, आणि ‘कशाने पटेल?’ हे वाद सुरू व्हायच्या आधी विचारा. चारचौघांत हरवू नका. त्याची शंका आणि तो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

रात्री अकरानंतर फोन बाहेरच्या खोलीत, हे मात्र मी त्याच्याकडून लिहून घेतलं. झोपेच्या बाबतीत मी पुरावे मागू देत नाही.