मध्ययुगीन स्पेनमध्ये सामान्य माणूस घोडेस्वार योद्धा होऊ शकत होता का?

हो, आणि कॅस्टिल या स्पेनमधल्या ख्रिस्ती राज्यात तर राज्यकर्त्यांनाच तसे लोक हवे होते. सरहद्दीवर मुस्लिम राज्यांशी सतत चकमकी चालत आणि सरदारांचे घोडदळ पुरे पडत नसे. म्हणून ९७४ मध्ये कास्त्रोहेरिस या गावाच्या सनदेत तिथल्या बिगरउमराव घोडेस्वारांना कनिष्ठ उमरावांच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. यांना 'काबायेरो व्हियानो' म्हणत. घोडा आणि हत्यारे स्वतःची, म्हणजे साधारण आपल्या शिलेदारासारखे. मोबदल्यात करमाफी आणि लुटीत वाटा. आव्हिला, सेगोव्हियासारख्या गावांत लूट हेच मोठे उत्पन्न होते, मेंढपाळी जोडीला.

मात्र हा दर्जा घोड्यावर टिकून होता. घोडा नाही, तर सवलतही नाही.

पुढे सरहद्द दक्षिणेकडे सरकली, तरी मान उरलाच. तेराव्या शतकात कॅस्टिलचा राजा दहाव्या आल्फोन्सोने त्यांच्या सवलती आणखी वाढवल्या आणि नगरांचा कारभार हळूहळू याच घराण्यांच्या हाती गेला. लढाईपेक्षा करमाफीसाठी घोडा पाळणारेही त्यांत असणारच, असे मला वाटते. दक्षिणेकडच्या आंदालुसियात मात्र उलटे झाले: ठरावीक संपत्ती असलेल्यांवर घोडा बाळगण्याची सक्तीच आली, ती १६१९ मध्ये उठली.